भाजीकाकांचं नाक

भाजीकाकांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात एक स्टूल आहे, पण त्यावर ते कांद्याची टोपली ठेवायचे. बावन्न मुलांचं जेवण साडेअकराला तयार लागतं, आणि सकाळी आठपासून हा माणूस शेगडीपासून नळापर्यंत, नळापासून वाढायच्या खिडकीपर्यंत नुसता फेऱ्या मारायचा. त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे आपल्याही पायाला भिंगरी. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली भाज्या चिरल्या. पहिलं वर्षभर रोज संध्याकाळी वाटायचं, उद्यापासून जायचं नाही.

आधी ते एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते. तिथे चारशे माणसं निमूट जेवायची आणि त्याचाच त्यांना कंटाळा आला. "मोठ्या माणसाला भूक लागली की तो काहीही गिळतो," ते म्हणायचे. "पोर उपाशी बसेल, पण नको ते गिळणार नाही. आपल्याला स्वयंपाक येतो की नाही, ते पोरांपुढे कळतं."

त्यांची पद्धत म्हणजे निव्वळ चिकाटी. नवी भाजी आणायची, ताटात नखाएवढी वाढायची आणि गप्प राहायचं. "खा रे बाळा" नाही, "खाल्लंस तर गोळी देईन" नाही. शिकवणाऱ्या बाईंनी "शहाणं कोण, शहाणं कोण" सुरू केलं की काका खिडकीतून डोळे वटारायचे. दोन दिवसांनी तीच भाजी परत, मग पुन्हा परत. आठव्या-नवव्या वेळी पोर आपणहून तोंडात टाकतं, असा त्यांचा अनुभव होता. फक्त प्रत्येक वेळी ती भाजी चांगली लागली पाहिजे. एकदा जरी बिघडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुलांना कडू आपल्या दुप्पट लागतं म्हणून पालेभाजीत ते मीठ बेतानं पण आधीच घालायचे, कारण मीठ कडूचं तोंड बंद करतं. फ्लॉवरचे तुरे तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत ठेवायचे. भाजी लपवणं मात्र त्यांना चालायचं नाही. एका बाईंनी सुचवलं, पालक वाटून भातात मिसळा, मुलांना कळणारसुद्धा नाही. काका म्हणाले, "आज फसवून चारलंत तर उद्या ते भातही खाणार नाही."

आणि मुलं जेवायला बसली की ते खिडकीत उभे राहायचे. तोंडांकडे नाही, नाकांकडे बघत. "पोर आधी नाकानं जेवतं," मला सांगायचे. "नाक मुरडलं की संपलं. मग तुम्ही ताटात सोनं वाढा."

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे चिमटी. साडेचार वर्षांची पोरगी, प्रत्येक गोष्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून आधी हुंगणार आणि मग बहुतेक वेळा परत ठेवणार. म्हणून तिचं नाव चिमटी. वर्षभरात काकांनी तिला गाजर, घेवडा, भोपळा खायला लावला होता. ज्या दिवशी तिनं घेवडा मागून घेतला, त्या दिवशी ते इतके खुशीत होते, की मला चहा करून दिला. गोडमिट्ट होता, पण मी प्यायले.

मग गेल्या थंडीत त्यांना ताप आला. पंधरा दिवस नाक गच्च, डोकं जड. सोळाव्या दिवशी आले, पहिल्यासारखेच फेऱ्या मारायला लागले. मुलांचं सकाळचं दूध शेगडीवर होतं आणि काका त्यात चमचा फिरवत उभे होते. मी दारातच थांबले. करपल्याचा वास बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत आला होता. काकांनी चमचाभर दूध चाखलं आणि म्हणाले, "साखर बरोबर आहे. घेऊन जा."

मी ते दूध मोरीत ओतलं आणि धक्का लागून सांडलं म्हणून सांगितलं. ते माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं. खरं तर तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण आचारी गेला तर चिरणारीही जाते, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्या भीतीला आता कितीही तासलं तरी तिच्यातून सुंदर काही निघणार नाही. मी घाबरले, एवढंच खरं.

जीभ त्यांची शाबूत होती. खारट, गोड, आंबट, कडू सगळं कळायचं, त्यामुळे चव ते बरोबर घ्यायचे आणि ठाम असायचे. पण भाजी शिजली हे त्यांना आजवर नाकानं कळत होतं, आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं. पातेल्याशी उभं राहून ते कसली तरी वाट पाहायचे. ती वाट पाहता पाहता कोबी नको तितका शिजायचा आणि बंद खोलीत ओले मोजे ठेवावेत तसा वास सुटायचा. फ्लॉवर, मुळा, सगळ्यांची तीच गत. ताटं परत यायला लागली. आधी दहा, मग वीस, मग तीसच्या वर.

काका भाजीवाल्याला बोलले. मग तेलाच्या डब्याला. मग मुलांच्या आयांना, की तुम्ही घरी बिस्किटं चारता. मग मुलांनाच. "यंदाची पोरंच नखरेल आहेत," असं ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला कसंसंच झालं. ते खिडकीत उभे असायचे आणि समोर मुरडलेली नाकं असायची. चिमटी आता घेवडाही परत ठेवायची. मी घरी जायचे, नवरा काही विचारायचा, मी भलतंच उत्तर द्यायचे. रात्री जेवताना ताटातली भाजी हुंगायची सवय लागली.

एका सोमवारी मोठ्या बाई स्वयंपाकघरात आल्या. मोठ्या बाई म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. बाहेरून जेवणाचे बंद डबे पुरवणारा एक कंत्राटदार त्यांच्याकडे येऊन गेला होता. त्याचा नमुना मुलांनी चाटूनपुसून खाल्ला होता. मीही खाऊन पाहिला होता. भाजी कुठली ते कळत नव्हतं, सगळ्यावर गोड सॉस.

"काका, शुक्रवारी मी स्वतः बसते मुलांबरोबर," मोठ्या बाई म्हणाल्या. "ताटं अशीच परत आली, तर एक तारखेपासून डबे. माझाही इलाज नाही."

काका म्हणाले, "शुक्रवारी कोबी करतो." सगळ्यांत अवघड भाजी त्यांनीच निवडली. नाकावर राग म्हणतात तो हा.

मंगळवारी त्यांची पाठ वळताच मी पातेलं उतरवलं. बुधवारीही उतरवलं, आणि त्यांनी पाहिलं.

"माझ्या भांड्याला हात लावलास?"

"शिजला होता, काका."

"ते मी ठरवणार. तू चिरणारी, तू चीर."

पाच महिने दाबून ठेवलेलं सगळं माझ्या डोक्यात गेलं. मी मूठ आवळून त्यांच्या नाकाखाली धरली. "डोळे मिटा. सांगा कसला वास येतोय."

त्यांनी डोळे मिटले. लांब श्वास घेतला. "लसूण," म्हणाले.

मी मूठ उघडली. हातात काही नव्हतं.

त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं. मग कांद्याची टोपली खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. मला वाटलं आता भडकतील. मी तयारच होते.

"मला वाटलं होतं, येईल परत," ते म्हणाले. "सर्दी उतरली की येईल. तुला कधीपासून माहीत आहे?"

"दूध करपलं होतं, तेव्हापासून."

"ते सांडलं होतं."

"मी ओतून दिलं."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "पाच महिने. पाच महिने तुला माहीत होतं, आणि तू ते पोरांना वाढत राहिलीस?"

मला म्हणायचं होतं, तुमच्यासाठी गप्प बसले. पण ते खरं नव्हतं, आणि त्यांना खोटं सांगायचं धाडस आता उरलं नव्हतं.

"याच वयात तोंड तयार होतं," ते म्हणाले. "यातली किती पोरं आता जन्मभर कोबी खाणार नाहीत, कोण जाणे. माझं एक सोड, मी म्हातारा झालो. पण त्यांच्या तोंडचं नेलं आपण." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तोंड धुवायच्या निमित्तानं नळाशी गेले आणि रडले.

शुक्रवारी मी सातला पोचले, तर काका आधीच आलेले होते. कोबी बारीक चिरायचा, पातेलं मोठं घ्यायचं, झाकण ठेवायचं नाही, एवढं सांगून झालं. मग त्यांनी मला शेगडीसमोर उभं केलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

"काय वास येतोय?"

"कोबीचा."

"कोबीचा म्हणजे? त्याला वास चार असतात. नीट सांग."

"ओल्या गवताचा."

"कच्चा आहे. हलव. आता?"

"तसाच. जरा झणझणीत."

"हलवत राहा. आता?"

आयुष्यात मला कुणी वास कसा येतो ते असं खोदून विचारलं नव्हतं. माझ्याकडे शब्दच नव्हते. "काका, गोडसर येतोय," मी म्हणाले. "भाजलेल्या दाण्यांसारखा."

"नक्की?"

"नक्की."

"मग बघत काय बसलीस? उतरव."

मी उतरवलं. त्यांनी मीठ घातलं, लिंबू पिळलं, जरासं लोणी टाकलं, चाखलं. हात त्यांचाच होता, मी त्यात पडले नाही.

जेवण वाढलं. मोठ्या बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या होत्या. काका खिडकीत गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत राहिले. "काय चाललंय?" दर मिनिटाला विचारायचे आणि मी सांगायचे. हुंगतायत. एकानं खाल्लं. एकानं थुंकलं. दोघं एकमेकांकडे बघतायत. तो तिसरा खातोय, खातोय, अजून खातोय.

चमत्कार वगैरे झाला नाही. बावन्नपैकी बावीस ताटं स्वच्छ आली, पंधरा-सोळा अर्धी, बाकी जशीच्या तशी. गेल्या दोन महिन्यांत बावीस कधी आली नव्हती. मोठ्या बाईंचं स्वतःचं ताटही रिकामं होतं. त्या आत आल्या.

"आज भाजी कोणी केली?"

"हिनं," काका म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"वास जमतो तिला. मला आता जमत नाही," ते म्हणाले. "नाक गेलंय माझं, मोठ्या बाई. पाच महिने झाले. लपवलं, चुकलो. सोमवारपासून ती शिजवेल, मी चिरून देईन. स्वयंपाकघर बंद करू नका."

त्यांनी माझं नाव त्या लपवण्यात कुठेच घेतलं नाही. मोठ्या बाई आम्हा दोघांकडे बघत होत्या आणि मला सांगता आलं असतं, की भाजी यांचीच आहे आणि गप्प बसण्यात मीही होते. मी सांगितलं नाही. स्वयंपाकघर राहावं म्हणून ते पायउतार झाले होते आणि मी बोलले असते तर त्यांचं ते करणं वाया गेलं असतं, असं मी अजून स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही.

"महिनाभर बघू," मोठ्या बाई म्हणाल्या आणि गेल्या.

जेवणाच्या खोलीत चिमटी एकटीच राहिली होती. तिच्या ताटात कोबीचा छोटासा ढीग होता आणि ती एकेक काप चिमटीत धरून, हुंगून, तोंडात टाकत होती. काका तिच्याजवळ गेले. एवढा मोठा माणूस फरशीवर मांडी घालून बसला. तिच्या ताटातला एक काप त्यांनी उचलला, तिच्यासारखाच नाकाशी धरला, मग खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिले.

"कशी लागतेय गं?" त्यांनी विचारलं.

चिमटीनं विचार केला. हा इतका साधा प्रश्न मोठ्या माणसाला का पडावा, ते तिला कळेना.

"कोबीसारखी," ती म्हणाली.

"बरं झालं, सांगितलंस," काका म्हणाले आणि ती खात असेपर्यंत तिथेच बसून राहिले.