जेवन समज

जठराचं ऑपरेशन झाल्यापासून प्रोटीन पावडरचं दूध माझ्या पोटात टिकत नव्हतं. नवरा माझ्यासमोर खाणंच टाळायचा. वजन आणखी उतरलं तर पुन्हा नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. वसईच्या दवाखान्यात त्याच्यासोबत तपासणीला बसले असताना शेजारच्या कोळीण मावशींनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. त्यांचंही तेच ऑपरेशन झालं होतं.

"बाय, पानी समजून गटागटा पितेस. जेवन समज."

पिशवीतला चमचा धुऊन त्यांनी मला दूध भरवलं. प्रत्येक घासानंतर थांबायच्या, गप्पा मारायच्या. ग्लास रिकामा झाला, तरी मळमळलं नाही. मी नाव विचारायच्या आत नर्सने त्यांना आत नेलं.

तपासणी आटोपून बाहेर आलो, तेव्हा कितीतरी दिवसांनी नवऱ्याने माझ्यासमोर निवांत वडापाव खाल्ला.