आतेभावाचे विनोद आणि आत्याची भवानी

माझ्या आतेभावाइतका लाजाळू माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत सापडायचा नाही, आणि त्याच्याइतके निर्लज्ज धंदे निवडणाराही नाही. आधी तो पंक रॉक गायचा, आता विनोद लिहितो. दोन्हींत चारचौघांत बोंब मारावी लागते, आणि मारून झाली की हा तोंड लपवायला जागा शोधतो.

गायचा तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजू तासलेल्या आणि मधले केस भाताच्या पेजेने ताठ उभे केलेले असत. आमच्या चिखले गावच्या वाऱ्याला हे पसंत नसे. किनाऱ्यावर पोचेपर्यंत तुरा एका कानावर निजलेला असायचा. 'आम्हाला कुणाची परवानगी नको' हे त्याचं गाजलेलं गाणं, पण लाउडस्पीकरची परवानगी काढायला सकाळपासून पोलीस ठाण्याच्या बाकावर हाच बसलेला. एकदा गणपतीत तो असा काही किंचाळला की पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, पोराच्या घशात काटा अडकलाय, भाताचा गोळा द्या कुणीतरी." अख्खं मंडळ हसलं. हा खाली उतरून म्हातारीच्या पाया पडला. आपल्या गाण्यापेक्षा आपली फजितीच लोकांना जास्त आवडते, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि गिटार माळ्यावर गेली.

पुढे तो टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमासाठी लिहू लागला. मुंबईत बसून लिहायचा मात्र आपल्याच गावांवर. झरीचा जावई, गंजाडचा मिरचीवाला, कुणालाही सोडलं नाही. ज्याच्यावर लिही त्याला गाठून, मान खाली घालून चहा पाजायचा. मग विषय संपले आणि त्याने आईवर लिहिलं.

आत्या डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकते. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट, म्हणजे भवानी, ती आधी पाटीला लावायची, मग कपाळाला, आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. त्याशिवाय दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायची नाही. टीव्हीवरची बाई नोट कपाळाला लावते, बोंबलाला लावते, गिऱ्हाइकाच्या टकलालाही लावते, तोवर मांजर पाटी साफ करते. आम्ही लोळून हसलो. आत्याही पदर तोंडाला लावून हसली. "मेल्याने मला टीव्हीत नेलं," म्हणाली.

त्यानंतर बाजारात लोक तिच्यासमोर मोबाइल धरू लागले. "मावशी, ते भवानीचं करून दाखवा ना." आत्या कुणावर रागावली नाही की घरी काही बोलली नाही, त्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता.

शिमग्याला हा गावी आला. पाटी उचलून आईबरोबर बाजारात गेला, मीही होतो. पहिलं गिऱ्हाईक आलं, बोंबील घेतले, नोट दिली. आत्याने ती इकडेतिकडे बघत कमरेच्या पिशवीत सारली आणि पुढच्या बाईला बोंबील दाखवू लागली. हा बघतच राहिला. त्याने विचारलं, "आई, कपाळाला लावली नाहीस?"

"लावते की," माश्या वारत ती म्हणाली. "घरी गेल्यावर. दार लावून."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. त्याचा चेहरा मला बघवेना. मलाही लाज वाटली, कारण हसलो तर मीही होतो.

हल्ली काहीही लिहिलं की तो आधी आत्याला फोनवर वाचून दाखवतो. ती प्रत्येक वेळी "चांगलंय रे पोरा" म्हणते. त्यातलं कुठलं तिला खरंच आवडलं आणि कुठलं तिने पोटात घातलं, ते त्याला आता कधी कळायचं नाही.