यांच्या खोलीतली फरशी

मंगळवारी सकाळी हे गेले.

तेरा दिवस घरात माणसं होती. निजायला जागा हवी म्हणून यांच्या खोलीत मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या घातल्या. तिथल्या फरशीखाली विजेच्या तारा आहेत, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. परदेशातली नोकरी सोडून हे खराडीच्या ऑफिसात रुजू झाले, तेव्हा सासूबाईंसाठी त्या बसवून घेतल्या होत्या. थंडीत त्यांचे पाय बधिर होतात. पहाटे साडेपाचला फरशी आपोआप तापलेली असायची. अंघोळ करून त्या तिथे अनवाणी पाय टेकून वाचत बसायच्या.

पाहुणे म्हणाले, "गाद्या छान उबदार आहेत हो तुमच्या." मी मान हलवली. ऊब गाद्यांखालीच अडकत होती, खोली गारच राहत होती, म्हणून भिंतीवरचा थर्मोस्टॅट तारा बंदच करत नव्हता. तेराव्यानंतर गाद्या उचलल्या, तेव्हा त्याची डबी करपून काळी पडली होती.

कसब्यातला दुकानदार म्हणाला, "फरशी तापवायला? पुण्यात त्यासाठी सूर्य ठेवलाय, बाई." पहिला इलेक्ट्रिशियन थेट फरशी फोडायला निघाला. दुसऱ्याने गिझरचा थर्मोस्टॅट आणला आणि तो बसेना तेव्हा दोष भिंतीला दिला. यांच्या फायलीतला तारांचा नकाशा मी त्याच्या हातात ठेवला, तर त्याने तो उलटा धरला. मला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि गाद्या तर मीच घातल्या होत्या.

सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं." आणि गार फरशीवर पाय टेकून बसायच्या.

"आई, निदान मोजे तरी घाला."

"रोज विचारायचा तो, आई, आली का ऊब? मोज्यांतून काय कळणार?"

शेवटी बाहेरून मागवलेला नवा थर्मोस्टॅट तिसऱ्याने बसवला. चपला दाराबाहेर काढून आला होता, थोड्या वेळाने पाय हलवत म्हणाला, "च्यायला, खरंच तापते की!" मी साडेपाचची वेळ लावली. गुरुवारी वीज गेली आणि डबी वेळ विसरली. पुन्हा लावली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. फोनवरची कंपनीतली मुलगी म्हणाली, "मॅम, लाइट जाऊ देऊ नका ना."

मी आता वेळ लावत नाही. पहाटे पाचला उठून बटण दाबते. साडेपाचला सासूबाई येऊन पाय टेकतात. ऊब आली का, हे मला विचारवत नाही. त्या आपणहून सांगतात, आली म्हणून.