घरची बातमी

मी एका मुलीचं बातमीपत्र वर्गाला तीनदा ऐकवलं आणि त्यातली बातमी एकदाही ऐकली नाही.

यंदा आमच्या देवासच्या शाळेत इंग्रजीचा नवा तास सुरू झाला. पुस्तक बाजूला ठेवून बातम्या, जाहिराती, क्रिकेटचं समालोचन ऐकायचं, आणि मुलांनी मोबाइलवर तसंच काहीतरी करून आणायचं. त्याचं प्रशिक्षण धारला झालं. तिथे पोहे-जलेबी खाऊन मी माध्यमतज्ज्ञ होऊन परतलो, आणि येताना हा भला मोठा स्पीकर घेऊन आलो. गणिताचे सर म्हणाले, "काय भिया, वरात कोणाची?"

पहिला गृहपाठ दिला : आपल्या घरची बातमी, इंग्रजीत.

दहावीतली एक मराठी मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने आणलेल्या व्हिडिओत ओढणी सारखी करून, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून ती इंग्रजीत सांगत होती : घरची थोरली, दहावीतली मुलगी परीक्षेनंतर कन्नौदला आत्याकडे राहायला जाणार. आत्याच्या सुनेला बाळ झालंय, घरात हाताखाली कोणी हवं. मुलीची शाळा सुटेल. तिला जायचं नाही. तिला कोणी विचारलेलं नाही. आणि आता हवामान. आकाश निरभ्र राहील.

मी टाळ्या वाजवल्या. "हवामानाला आवाज कसा बदलला, पाहिलंत?" असं सगळ्यांना विचारलं आणि कौतुकाने ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं.

तिच्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण मुलगी फाडफाड बोलते एवढं दिसत होतं. त्यांनी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. कन्नौदला बारशाच्या दिवशी पाहुण्यांनी पुन्हा लावलं, आणि इंदूरहून आलेल्या एका भाच्याने अर्थ सांगितला.

दुसऱ्या दिवशी वडील मुलीला घेऊन शाळेत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सर, आमच्या अक्कांनी, म्हणजे हिच्या आत्याने, पाळण्याची दोरी सोडली आणि आत निघून गेल्या. मी तिकडे पेढे वाटत होतो."

"मग आता?" मी विचारलं.

"पोरगी कुठे नाही जाणार. इथेच शिकेल. घरी एका शब्दाने बोलली असती, तर मी तेव्हाच नाही म्हटलं असतं अक्कांना. आता अक्का फोन नाही उचलत."

मुलगी स्वतःच्या चपलांकडे बघत उभी होती. नव्या तासाला ती परत कॅमेऱ्यासमोर उभी राहील का, हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

"माझं लक्ष उच्चारांकडे होतं," मी म्हणालो. "मला वाटलं, बनवून सांगतेय."



"सर, मला इंग्लिश नाही येत. तुम्हाला तर येते ना?"