गारठा मोडलेली बाटली

सुमनबाई नाशिकच्या एका लहान खाजगी इस्पितळात सिस्टर होत्या. ज्यांच्या तोंडातून अन्न जात नाही, त्यांना शिरेतून द्यायचं जेवण त्याच कालवायच्या. ‘कालवणं’ हा त्यांचाच शब्द. क्रम कधी चुकला नाही: साखरेचं पाणी, प्रथिनं, मग फॉस्फेट, आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबाने, बाटली हलवत. हे दोन क्षार एकदम भिडले की त्यांचा खडू होतो. खडू रक्तातून फुप्फुसात गेला की माणूस जातो.

१९८३च्या उन्हाळ्यात येवल्याच्या कुसाबाईंचं आतडं कापून जोडलं होतं. सहा दिवस त्या या बाटल्यांवर जगत होत्या. प्रथिनं मुंबईहून यायची. शिल्लक राहिलेली शेवटची बाटली त्यांचा नवरा गोरक्ष, पैठणी विणणारा, एसटीत मांडीवर धरून घेऊन आला होता. पुढची आठव्या दिवशी संध्याकाळी मिळणार होती.

सातव्या दिवशी सकाळी सुमनबाईंनी तीत सगळं कालवलं. उजेडाने जीवनसत्त्वं मरतात, म्हणून एक्स-रे फिल्मचा काळा कागद गुंडाळून बाटली फ्रिजमध्ये ठेवली. दुपारी ती खाटेजवळ आणून ठेवताना कुसाबाईंच्या सासूला, नवसाबाईंना, म्हणाल्या, "जरा गारठा मोडू द्या, मग लावते." आणि ड्रेसिंगला गेल्या.

तासाने आल्या तेव्हा आधीची बाटली संपत आली होती. त्यांनी नवी उचलली आणि हात थांबला. ती न्हाणीतल्या पाण्यासारखी ऊन लागत होती.

नवसाबाई समाधानाने सांगू लागल्या. खालच्या चहावाल्याकडून कढत पाणी आणलं, बादलीत बाटली धरली, दोनदा पाणी बदललं. सुनेच्या अंगात गार कसं जाऊ द्यायचं?

साखर उबेने विरघळते. या मिश्रणाचं उलटं. उबेने त्यातला खडू सुटतो.

सुमनबाईंनी कागद काढला. खिडकीच्या उजेडात पाणी स्वच्छ दिसलं. क्षणभर त्यांना ते पटवून घ्यावंसं वाटलं. मग तोच काळा कागद त्यांनी बाटलीमागे धरला. काहीतरी होतं, किंवा नव्हतं. पंचेचाळिशीतल्या डोळ्यांची खात्री देता येईना. त्यांनी गोरक्षला बोलावलं. त्याची नजर रेशमाच्या एकेका तारेवर घडलेली.

"यात काय दिसतं ते सांगा. नाही दिसलं तर तसंही सांगा."

तो बराच वेळ बघत राहिला. मग बायकोकडे बघितलं.

"पण लावायचीच ना?"

"आधी सांगा."

"तळाला धुरळा हाय, बाई. लय बारीक. हलवला की वर येतोय."

नवसाबाई म्हणाल्या, "म्या गारठाच मोडला. तुमीच म्हणल्या."

"मीच म्हणाले."

सुमनबाईंनी नुसत्या ग्लुकोजची बाटली टांगली. जेवणाची बाटली गोरक्षच्या देखत मोरीत ओतली. चुकून कुणी लावायला नको. डॉक्टर ऑपरेशन आटोपून आल्यावर सांगितलं: म्हातारीचा दोष नाही, शब्द माझा होता. ते भडकले. तीस तास नुसत्या साखरेच्या पाण्यावर ठेवलं आणि टाका उसवला तर? दोन्ही दिवस दर तासाला सुमनबाई कुसाबाईंच्या पोटावरची पट्टी उचलून बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोरक्ष मुंबईहून आला. बाटली ओल्या फडक्यात होती. वाटेत प्रत्येक स्टँडवर त्याने ते भिजवलं होतं. मिश्रण कालवून सुमनबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. ‘गारठा मोडू द्या’च्या जागी आता शब्द सापडेना.

"नुसती राहू द्या," त्या म्हणाल्या. नवसाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

टाका धरला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पेज चालेल म्हणून सांगितलं. नवसाबाई वाटी घेऊन आल्या, पण खाटेपाशी गेल्या नाहीत. आधी ती सुमनबाईंपुढे धरली.

"बाई, ही ऊन चालंल का?"