अकरा नंबर

माझ्या बायकोलाबी हे ठाऊक न्हाय, आणि तिच्यापासनं मी तंबाखूसुद्धा कधी लपवली न्हाय. गड्या, तुला सांगतोय. मधीच अडखळलो तर अडखळू दे.

कागलकडच्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा चेअरमन होतो. शाळा चौथीपतोर, पण माझा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. दूध घालणाऱ्या प्रत्येकाला नंबर असतोय. नंबर जितका लहान तितकं घर जुनं — तितका मान. माझा एक नंबर. बघ, अजूनबी ते सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाय.

मग कॉम्प्युटर आला. आसपासच्या गावांचं दूधबी आमच्याकडंच यायला लागलं, माणसं हजारांनी वाढली. कॉम्प्युटरवर सविता नावाची पोरगी होती. ती म्हणाली, "आबा, मानाचा नंबर ऱ्हाऊ दे मिरवायला. पण कॉम्प्युटरात प्रत्येकाला वेगळा नंबर देऊया, नवा माणूस की नवा नंबर. मेलेल्याचा परत वापरायचा न्हाय. ह्याला माणूस कळत न्हाय, नंबर कळतोय."

"नंबर काय कुणाच्या बापाचा हाय व्हय? मेला की मोकळा!" मी म्हटलं. दूध घालायला रांगेत उभी असलेली सगळी हसली. तीबी हसली — काय करणार बिचारी?

हौसाक्का आमच्याच गल्लीतली. नवरा वारल्यावर एक म्हस घेऊन संस्थेत आली. मी मोठेपणानं तिला अकरा नंबर दिला. तो आधी ज्याचा होता, तो दुधात पाणी घालताना कितींदा धरला गेलता. माणूस मेला, पण त्याचं सगळं कॉम्प्युटरात अकरा नंबरावर तसंच होतं. आलं का ध्यानात?

एका सकाळी तिचं दूध घेताना पडद्यावर लाल अक्षरं आली — अकरा नंबर, वारंवार भेसळ. तपासणीला आलेल्या सायबानं सगळ्यांदेखत तिची किटली परत फिरवली. हौसाक्कानं टोपण काढलं, किटलीच तोंडाला लावली. दूध हनुवटीवरनं पदरावर सांडलं. "आबा, तुम्ही चव बघा की! ह्यात पाणी हाय?"

सविता माझ्या कानाशी आली. "आबा, हे जुन्या माणसाचं हाय. नंबरामुळं झालंय. सांगा की त्यांना."

मला कळलं. तिथंच कळलं. उशिरा कळलं असं म्हणायची सोय न्हाय मला.

चूक माझी हाय — एवढंच बोलायचं होतं. पण ज्यांच्यासमोर त्या पोरीची टर उडवली, तीच माणसं रांगेत उभी होती. मी म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय, हौसाक्का." ज्याला मी रोज डबडं म्हणत होतो, त्याच्याआड लपलो — मी!

ती भरलेली किटली घेऊन गेली. परत आली न्हाय. म्हस विकली. लग्नाकार्यात बायका तिला विचारायच्या, "हौसाक्का, चहात पाणी किती घालू?" मी ऐकायचो. सवितानं थोड्या दिवसांनी नोकरी सोडली. जाताना पाया पडली न्हाय.

हौसाक्का अजून हाय. दारावरनं गेलो की म्हणते, "आबा, चहा घ्या की." मी घेत न्हाय. लोकांना वाटतंय, आबाला शुगर झालीया.

अकरा नंबर मी नंतर बंद केला. आता कुणालाच द्यायचा न्हाय, म्हणून ठणकावलं. का, ते कुणी विचारलं न्हाय. विचारलं असतं तरी — न्हाय. बोललो नसतो.