साठ किलोंचा संशय

तपासनिसाने गाडी घेतली ती संशयाच्या भरात. गाडी इतकी स्वस्त होती की ती एवढी स्वस्त का, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडेना; आणि विकत घेतल्याशिवाय ते कळण्याचा मार्ग नव्हता.

वजनमापे खात्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. दुकानदार हसून पुढे आला की तो आधी तराजूच्या पारड्याखाली हात घालून बघे, काही चिकटवलंय का. दुकानदार हसला नाही, तर दोनदा बघे. या स्वभावाचा त्याला नोकरीत फायदा झाला आणि बाकी सगळीकडे तोटा. तोट्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही, कारण ती ऐकून घ्यायला फारसं कोणी उरलं नव्हतं.

खात्याने त्याची जीप काढून घेतली आणि स्वतःचं वाहन वापरायला सांगितलं. तपासणीची वजनं, म्हणजे वीस-वीस किलोंचे दहा ओतीव लोखंडी ठोकळे, न्यायची तर मागे भरपूर जागा असलेली गाडी हवी. म्हणून स्टेशन वॅगन. हे कागदावरचं कारण. कागदावर न येणारं कारण असं, की जीप वळणाआधी विचार करायची आणि विचार करून झाल्यावर वळायची. आणि नोकरीची दोन वर्षं उरलेली असताना त्याला रोज कामावर जाताना जरा मजा करावीशी वाटत होती. ‘मजा’ हा शब्द त्याने घरात उच्चारला नाही. बायकोने लगेच विचारलं असतं, कसली?

गाडी चौदा वर्षांची. मालक चष्म्याचा दुकानदार.

“का विकताय?” तपासनिसाने विचारलं.

“बायको बसत नाही हिच्यात.”

“का?”

“म्हणते शववाहिनीसारखी दिसते.”

एवढं खरं उत्तर तपासनिसाने विक्रेत्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे पाणी कुठेतरी मुरतंय याची त्याला खात्री पटली. गाडी चालवून पाहिली, तर स्टिअरिंग थरथरत होतं, ब्रेक दाबल्यावर गाडी थोडा वेळ स्वतःच्या मनाने पुढे जात होती, मागून जुन्या खाटेसारखी कुरकुर ऐकू येत होती आणि मागचं दार उघडं राहावं म्हणून त्याला काठीचा टेकू द्यावा लागत होता. एवढे दोष बघून दुसरा कोणी निश्चिंत झाला असता. तपासनिसाच्या मते मात्र दिसणारे दोष हे न दिसणाऱ्या दोषांनी नेमलेले वकील असतात.

गाडी दारात आली तेव्हा समोरच्या घरातल्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, “कोण गेलं?”

“अजून कोणी नाही,” तपासनीस म्हणाला.

आता गाडी दुरुस्त कोणाकडे करायची हा प्रश्न. बायकोच्या मते तो प्रश्नच नव्हता. तिच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं आणि जुन्या गाड्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अडचण एवढीच, की सात वर्षांपूर्वी तपासनिसाने त्याच गॅरेजमधलं तेल मोजायचं एक लिटरचं माप चार गिऱ्हाइकांसमोर जप्त केलं होतं. माप वीस मिलीने कमी भरत होतं.

“खाली पडून पोचा आलाय त्याला, भाऊजी,” मेहुणा म्हणाला होता.

“आणि पोच्याचा फायदा कोणाला होतो?” असं भाऊजींनी विचारलं होतं.

त्यानंतर जवळजवळ सात वर्षं बायको भावाकडे एकटी जायची आणि एकटी यायची. तिने दोघांना परत बोलतं केलं त्याला अजून सहा महिनेही झाले नव्हते. ती शिवणाचे वर्ग घ्यायची. कापड उसवलं तर ते कितीदा शिवता येतं याचा तिला चांगला अंदाज होता.

“गाडी त्याच्याकडेच द्या,” ती म्हणाली. “पण एक सांगून ठेवते. या वेळी फाटलं, तर मी जोडणार नाही. मला एकच भाऊ आहे. तुमच्यापायी सात वर्षं मी त्याच्या घरी पाहुण्यासारखी बसले.”

“मी काय करणार आहे?”

“तेच विचारतेय.”

गॅरेजमध्ये गाडी सोडायच्या आधी तपासनिसाने ते केलं जे त्याच्याशिवाय जगात कोणी केलं नसतं. तो गाडी घेऊन गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गेला, जिथे मालाचे ट्रक जोखतात. टाकी काठोकाठ भरली, खिशातली किल्ल्यांची जुडीसुद्धा काढून ठेवली, स्वतः खाली उतरला आणि आकडा वहीत टिपला. एक हजार तीनशे चाळीस. त्याचा मेहुण्यावर संशय होता असं नाही. गॅरेजमध्ये चांगला सुटा भाग जातो आणि त्याच्या जागी भंगारातला येतो, एवढं फक्त त्याला माहीत होतं.

मेहुण्याने तीन आठवडे गाडीत जीव ओतला. झिजलेले रबरी बुश बदलले, चारही शॉकअब्सॉर्बर नवे टाकले, ब्रेक पूर्ण खोलून पुन्हा बांधले. क्लच बदलला. वळणावर गाडी कलू नये म्हणून मागे आडवा दांडा असतो, तो काढून एका मोडीत निघालेल्या व्हॅनचा जाड दांडा कापून बसवला; हे कोणी सांगितलेलं नव्हतं. बायकोने सीटची कव्हरं शिवून दिली, करड्या रंगाची, लाल शिलाईची.

“लाल कशाला?” तपासनिसाने विचारलं.

“शववाहिनीत लाल नसतं म्हणून.”

गाडी हातात आली तेव्हा मेहुणा नुसता हात पुसत उभा राहिला. काय म्हणतात भाऊजी, याची वाट बघत. भाऊजींनी मागचं दार उघडून पाहिलं, ते काठीशिवाय वरच्या वर राहिलं. त्यांनी ते तीनदा उघडलं.

“बरी आहे,” ते म्हणाले, आणि थेट वजनकाट्यावर गेले.

एक हजार दोनशे ऐंशी.

साठ किलो कमी. टाकी तशीच काठोकाठ, खिसे रिकामे, पाऊस नाही, चिखल नाही. तपासनिसाने वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्याला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, घोडं शेवटी कुठे पेंड खातंय ते कळल्याचं समाधान त्या वाईट वाटण्यात पुष्कळ मिसळलेलं होतं.

पुढचे दहा दिवस त्याने गाडी चालवली ती चोराच्या मालासारखी. आणि दुर्दैव असं, की गाडी झकास चालत होती. वळणावर ती रस्त्याला धरून राहायची, गिअर बोटाने पडायचा, मागे दोनशे किलोंचे ठोकळे असले तरी चढ हसत चढायची. एका सकाळी तलावाकडच्या रस्त्यावर तो स्वतःशीच शीळ घालत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. तो ताबडतोब थांबला. साठ किलो कुठे आहेत ते ठाऊक नसताना शीळ घालणं त्याला लाचेसारखं वाटलं.

रविवारी तो स्प्रिंगचा काटा घेऊन अंगणात बसला. जॅक तोलला. जादाचं चाक तोललं. पाने, स्क्रूड्रायव्हर, पायाखालच्या चटया तोलल्या. मग गाडीखाली शिरला.

“काय शोधताय?” बायकोचा आवाज आला. गाडीखालून फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

“काही नाही.”

“काही नाही ते चटई तोलून सापडतं का?”

तो गाडीखाली आणखी आत सरकला.

“पुन्हा?” ती म्हणाली. एवढंच. चपला थोडा वेळ तिथेच होत्या, मग गेल्या. संध्याकाळपर्यंत शिवणयंत्राचा आवाज बंद झाला नाही.

ही वेळ गप्प बसण्याची आहे हे तपासनिसाला कळत होतं. पण एकतीस वर्षांत कमी भरलेलं वजन बघून तो कधी गप्प बसला नव्हता. नातेवाईक म्हणून सोडलं, तर आजवर पकडलेल्या सगळ्या दुकानदारांनी काय पाप केलं होतं? त्याने मेहुण्याला फोन केला. “चल, एक फेरी मारू. तुझं काम तू चालत्या गाडीत बघितलं नाहीस.”

मेहुणा आला तो चक्क धुतलेला शर्ट घालून. वाटेत बडबडत होता. “ऐकताय का? कुरकुर गेली. आणि ते वळण घ्या, वेग कमी नका करू, घ्या म्हणतो ना! बघितलंत? ताटातल्या वाटीसारखी सरकली का? नाही. अहो, तरुणपणी असली गाडी मिळाली असती ना तुम्हाला, तर तुम्ही तपासनीस झालाच नसता.”

तपासनिसाच्या तोंडाचा एक कोपरा हलला होता. तेवढ्यात वजनकाटा आला आणि त्याने गाडी आत घेतली. लोखंडी फलाटावर चारही चाकं चढताच ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

“इथे का?” मेहुण्याने विचारलं.

“उतर.”

तपासनीसही उतरला; टाकी त्याने निघतानाच काठोकाठ भरली होती आणि ठोकळे घरी काढून ठेवले होते. काटेवाल्याने खिडकीतून आकडा सांगितला. एक हजार दोनशे ऐंशी.

“तुझ्याकडे दिली तेव्हा तेराशे चाळीस होती,” तपासनीस म्हणाला. “मी मोजून दिली होती.”

मेहुणा चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याने शर्टाची बाही उगाच नीट केली.

“मोजून दिलीत,” तो म्हणाला. “ताईला माहीत आहे?”

“तिचा काय संबंध?”

“नाही, म्हणजे मी सांगू का काय काढलं ते? मागच्या सीटखालचा कुजका कापूस काढला. उंदराचं एक घर काढलं. एक चष्म्याची दांडी निघाली, ती ठेवलीय. घातलं मात्र बरंच. तुमची गाडी जड व्हायला हवी, भाऊजी.”

“आकडा खोटं बोलत नाही.”

“मीपण नाही.”

मेहुणा गाडीभोवती एकदा फिरला. मग मेहुण्याने मान तिरकी केली, इंजिनाचा आवाज ऐकताना करायचा तशी. “गॅरेजात आम्ही काय करतो सांगू? खडखड डाव्या चाकातून आली, तर डावं चाक उजवीकडे टाकतो. खडखड चाकाबरोबर गेली तर दोष चाकात. नाही गेली तर दोष दुसरीकडे. गाडी जरा पुढे घ्या.”

“कशाला?”

“घ्या तर. फलाटाच्या मध्यावर.”

तपासनिसाने गाडी पाच-सहा पावलं पुढे घेतली आणि तो खाली उतरला.

“तेराशे पंचेचाळीस!” खिडकीतून आवाज आला. तो आवाजही चकित झालेला होता.

“मागे घ्या.”

गाडी मागे घेऊन तो पुन्हा उतरला.

“बाराशे ऐंशी.”

“तेराशे चाळीसवर पाच किलो वाढलेत ते मागच्या दांड्याचे वगैरे,” मेहुणा म्हणाला. “जाड टाकलाय मी. आणि त्या टोकाला फलाट पासष्ट किलो खातो. आधी तुमचे ब्रेक लागत नव्हते, गाडी घरंगळत मध्यावर जायची. आता लागतात.”

तपासनीस फलाटाच्या कडेला गेला. तिथे शिशाची मोहोर होती आणि मोहोरेवर क्रमांक. तो त्याला वाचावा लागला नाही. तो त्याचाच होता. नियम असा, की मोठा काटा तपासताना वजनं मध्यावर ठेवायची आणि मग दोन्ही टोकांवर. या वर्षी त्याने मध्यावर ठेवली होती. टोकं राहिली. काटेवाला अकरा वर्षांपासून ओळखीचा सरळ माणूस, कधी एक नोंद चुकलेली नाही. ठोकळे उचलून पाठ दुखत होती. त्याला वाटलं, याचा काटा काय बघायचा? एकतीस वर्षांत त्याने एकदाच कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि तो विश्वास असा फसला. काटेवाल्याचाही दोष नव्हता. खालचा आधार खचला होता, आणि टोकाला वजन ठेवून बघणं हे तपासनिसाचं काम होतं.

“टोकं मी तपासलीच नाहीत,” तो पुटपुटला. मागे एक ट्रक येऊन हॉर्न वाजवू लागला.

“हे तुमच्या-माझ्यात राहू शकतं,” मेहुणा हळूच म्हणाला. “टोकं राहिली हे काट्याला कुठे ठाऊक आहे.”

तपासनिसाने त्याच्याकडे त्याच नजरेने पाहिलं जिने तो दुकानदारांकडे बघे. मग ती नजर त्याला स्वतःकडेच वळवावी लागली आणि ती तिकडे टिकली नाही. त्याने गाडीतून कागद काढले, बॉनेटवर ठेवले आणि पंचनामा लिहायला घेतला. काटा बंद. कारण: वार्षिक तपासणीत दोन्ही टोकांवर वजन ठेवून पाहिले नाही. जबाबदार व्यक्ती या रकान्यात त्याने आपलं नाव लिहिलं, नेहमीच्या वळणदार अक्षरात, घाई न करता.

ट्रकवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली आणि शिव्या देत दुसऱ्या काट्याच्या शोधात गेला. दुसरा साक्षीदार हवा होता. तपासनिसाने पेन मेहुण्यापुढे धरलं.

“नातेवाईक चालतो का?”

“आरोपीच्या विरुद्ध असेल तर चालतो.”

मेहुणा हसला नाही. कागद घेऊन त्याने सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचला, शेवटी आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. तपासनीस थांबला. आपल्यावर संशय घेतला जात असताना उभं राहायचं कसं असतं, हे त्याला या वयात शिकावं लागत होतं. हातांचं काय करायचं तेही कळत नव्हतं.

मेहुण्याने सही केली. “ताईला काय सांगणार?”

“तू सांग.”

“मी नाही. तुम्ही. माझ्यासमोर.” त्याने हात पुढे केला. “किल्ली द्या. माझं काम मी चालवून कुठे बघितलंय.”

परतताना दोन वळणं मागे पडली. मेहुणा गाडी जोरात नेत होता आणि तपासनिसाने दाराची मूठ धरली होती. तिसरं वळण झाल्यावर तो समोर बघत म्हणाला, “गाडी फार छान झालीय.”

मेहुण्याने पाय उचलला. गाडी हळू झाली. त्याने भाऊजींकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“म्हणजे?” त्याने विचारलं. “काय राहिलंय?”